एएए का नाही, आणि फोटोतली जर्सी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया मी दोनतीनदा वाचली. उत्तराला आठवडा लागला, कारण तुम्ही माझी एक चूक दाखवली होती आणि ती आधी लेखात दुरुस्त करायची होती. ज्यांनी प्रतिक्रिया वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. डांबरी रस्ता आणि कच्ची वाट अशा दोन्हींवर चालणाऱ्या ड्युअल-स्पोर्ट बाइकसाठी मी मागच्या लेखात एए दर्जाचं (रायडिंगच्या कपड्यांचे ए, एए, एएए असे चढते दर्जे असतात) हवेशीर जॅकेट, तशीच पँट आणि मोटोक्रॉसच्या (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींच्या) बुटांच्या जवळ जाणारे उंच, कडक बूट सुचवले होते. मोटोक्रॉसचे बूट रस्त्यावर जड पडतात ही तक्रार सोडली, तर त्यावर तुमचे मुख्य आक्षेप तीन आहेत. एएए दर्जा उपलब्ध असताना एए सुचवणं म्हणजे उकाड्याचं निमित्त करून तडजोड शिकवणं. दोन्हीकडे चालणारा गियर, म्हणजे संरक्षक पोशाख, दोन्हीकडे अपुराच पडतो, म्हणून दोन वेगळे संच घ्यावेत. आणि लेखातल्या फोटोत मी स्वतः महामार्गावर आर्मर शर्ट आणि त्यावर नुसती जर्सी घालून दिसते, मग इतरांना काय सांगणार?

शेवटून सुरू करते, कारण तिथे तुमचं पूर्ण बरोबर आहे. तो फोटो दोन ट्रेलच्या मधल्या डांबरी तुकड्यावरचा आहे. अंतर थोडंच आहे म्हणून मी वरचं जॅकेट बॅगेतच ठेवलं होतं. ते चुकलं. आर्मर शर्ट म्हणजे जाळीच्या कापडावर कोपर, खांदे, छाती आणि पाठ इथे बसवलेले पॅड. आपटण्यापासून ते वाचवतात. घासण्यापासून वाचवण्यासाठी ते बनलेलेच नाहीत. युरोपच्या ईएन १७०९२ या मानकात अशा कपड्यांसाठी सी हा वेगळा दर्जा आहे, आणि त्यात घर्षणाची अट नाही. जर्सीचं पातळ पॉलिस्टर डांबरावर क्षणात फाटतं आणि घर्षणाच्या उष्णतेने वितळूही शकतं. त्यानंतर दोन पॅडच्या मधली जाळी आणि खालची कातडी एवढंच उरतं. फोटो काढून टाकला आहे आणि त्या जागी हे कारण लिहिलं आहे.

याच्याच शेजारची एक गोष्ट मूळ लेखात राहून गेली होती. मोटोक्रॉसवाले छातीवर कडक प्लास्टिकचं कवच घालतात. त्यातल्या बऱ्याच कवचांवर ईएन १४०२१ छापलेलं असतं, आणि हे मानक पुढच्या बाइकच्या चाकाखालून उडणाऱ्या दगडांपासूनच्या बचावाचं आहे. पडून छाती आपटली तर काय, याची चाचणी त्यात नाही. छातीच्या आघाताचं मानक ईएन १६२१-३. दोन्ही कवचं दिसायला सारखी असतात, त्यामुळे आतलं लेबल वाचण्याला पर्याय नाही.

आता एएए. ईएन १७०९२ मध्ये कपड्याचे धोक्यानुसार भाग पाडतात आणि कापडाचा तुकडा गरगर फिरणाऱ्या यंत्राला लावून काँक्रीटवर सोडतात. फिरणं थांबेपर्यंत कापडाला भोक पडलं नाही तर तो उत्तीर्ण. सर्वाधिक धोक्याच्या भागासाठी, म्हणजे कोपर, गुडघ्यासारख्या जागांसाठी, सुरुवातीचा वेग एएएला ताशी १२० किलोमीटरच्या बरोबरीचा असतो, एएला ७० आणि एला ४५. हा यंत्राचा वेग आहे. इतक्या वेगाने पडलात तरी काही होणार नाही, अशी हमी त्यात नाही. तरीही फरक मोठा आहे, आणि तुमचं रायडिंग बहुतांश मोकळ्या डांबरी रस्त्यावर होत असेल तर तुम्ही एएएच घ्या. त्याबाबत माझं काहीच वेगळं म्हणणं नाही.

मी लिहीत होते ते मात्र ज्यांचा अर्धा दिवस फूटपेगवर (पाय ठेवायच्या दांड्यांवर) उभं राहून, पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये, दगड-वाळू-चिखलातून जातो त्यांच्यासाठी. तिथे वारा लागत नाही आणि अंग मात्र पळाल्यासारखं काम करत असतं. त्यात हवेचं तापमान त्वचेच्या तापमानाच्या, म्हणजे साधारण ३५ अंशांच्या वर गेलं की लागणारा वाराही उष्णताच देतो. थंडावा फक्त घाम वाळण्यातून मिळतो. घाम वाळू न देणाऱ्या जाड जॅकेटात तासाभराने काय होतं ते मी स्वतःवर पाहिलं आहे. आधी तोंड कोरडं पडतं, मग वाट निवडण्याचे निर्णय उशिरा होऊ लागतात, मग क्लच सोडण्याची साधी वेळ चुकते. त्याच्याही आधी बहुतेक जण जॅकेटची चेन उघडतात, आणि मग जॅकेट काढून सीटच्या मागे बांधतात. बांधलेल्या जॅकेटचा दर्जा कोणताही असला तरी अंगावर टी-शर्टच असतो. त्यामुळे दिवसभर अंगावर ठेवता येईल असा सर्वांत वरचा दर्जा कोणता, हा प्रश्न मी आधी विचारते. माझ्यापुरतं उत्तर एए आलं. एखादं एएए जॅकेट तुमच्या अंगावर दिवसभर टिकत असेल, तर तुमचं उत्तर वेगळं येईल आणि तेही बरोबरच असेल.

ए दर्जावर मात्र मी थांबत नाही. ए दर्जाच्या पँटमध्ये खुब्याचं आर्मर सक्तीचं नाही. एए आणि एएएमध्ये आहे. बाइकवरून बाजूला पडणारं माणूस आधी खुब्यावर आणि गुडघ्यावर येतं, मग रस्ता कोणताही असो.

दोन संचांच्या सल्ल्याबद्दल. ज्यांचे दिवस वेगळे असतात, आज फक्त हायवे आणि पुढच्या रविवारी फक्त ट्रेल, त्यांच्यासाठी तो सल्ला चांगलाच आहे. पण ड्युअल-स्पोर्टमध्ये पृष्ठभाग एकाच दिवसात दहा वेळा बदलतो. दुसरा संच वाटेत कुठे ठेवायचा आणि कुठे बदलायचा? म्हणून मी संचाचा विचार सोडून अवयवांचा विचार करायला लागले. डांबरावर आपण बहुधा वेगात पडतो आणि घासत जातो. ट्रेलवर हळू पडतो, पण दगडावर आपटतो, किंवा पाय बाइकखाली अडकून पिळवटतो. कोणत्या अवयवाला यातलं कोणतं पडणं जास्त महागात जातं, ते बघून त्या अवयवाचा गियर ठरवायचा. धड, हात आणि मांड्यांची कातडी यांचा निर्णय डांबर घेतं. पाय, घोटा, नडगी, गुडघा यांचा निर्णय ट्रेल घेते. डोक्यावर दोघांचाही सारखाच हक्क.

त्यामुळे बुटांच्या बाबतीत मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. रस्त्यावर मोटोक्रॉसचे बूट जड पडतात, गियर लिव्हर नीट कळत नाही, हे तुमचं निरीक्षण खरं आहे. सवय व्हायला मला जवळजवळ महिना लागला आणि गियर लिव्हर थोडी वर करून घ्यावी लागली. पण पहिल्या वर्षी माझ्याकडे घोट्याच्या जरा वर येणारे, चालायला मऊ असे टूरिंगचे बूट होते. ओढ्याच्या गोट्यांतून माणूस चालेल त्या वेगाने जात होते. बाइक डावीकडे कलली, मी पाय टेकला, खालचा गोटा सरकला आणि पाय इंजिनच्या खाली गेला. जॅकेटला धूळसुद्धा नीट लागली नव्हती आणि घोट्याच्या हाडाला तडा गेला होता. बुटाला काहीही झालं नव्हतं, तो नुसता माझ्या पायाबरोबर वळला होता. त्या दिवशी मी एएएचा पूर्ण सूट घातला असता तरी घोटा मोडलाच असता.

बुटांचं मानक ईएन १३६३४. आत मोटरसायकलस्वाराचं चित्र असतं आणि त्याखाली चार आकडे, प्रत्येक १ किंवा २. पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा घर्षणाचा, तिसरा कापलं जाण्याला होणाऱ्या विरोधाचा आणि चौथा आडव्या दाबाचा, म्हणजे बूट दोन्ही बाजूंनी दाबला तर तळवा किती चेपतो त्याचा. ट्रेलसाठी मी आधी चौथा आकडा बघते आणि तो २ नसेल तर बूट परत ठेवते. घोट्यावरच्या आघाताची चाचणी झाली असेल तर आयपीए आणि नडगीची झाली असेल तर आयपीएस अशी अक्षरंही असतात. घोटा पिळवटला तर काय, हे मात्र या आकड्यांतून कळत नाही. ते हातानेच बघावं लागतं: बुटाची टाच एका हातात घट्ट धरायची, वरची नळी दुसऱ्या हातात, आणि टॉवेल पिळतो तसं पिळायचं. सहज वळला तर दगडांतही तसाच वळेल. ज्यांना मोटोक्रॉसचे बूट फारच कडक वाटतात त्यांच्यासाठी बिजागरीचे अ‍ॅडव्हेंचर बूट आहेत. त्यांचा घोटा पुढेमागे हलतो आणि आडवा फारसा वळत नाही. चालणं बरंच असेल तर मीही तेच सुचवेन.

गुडघ्यांबद्दल कुणी फारसं विचारत नाही म्हणून थोडं सविस्तर लिहिते. पँटच्या खिशातलं गुडघ्याचं आर्मर बसल्यावर जागेवर असतं आणि पेगवर उभं राहिल्यावर खाली सरकतं. पँट सैल असेल तर पडताना ते बाजूला फिरतं. माझ्या बाबतीत तर ते सुरुवातीपासूनच चुकीच्या जागी होतं, कारण ती पँट माझ्यापेक्षा लांब मांडीच्या पुरुषाच्या मापाने बेतलेली होती आणि पॅड नडगीवर येत होता. पँट घेताना बाइकवर बसून आणि पेगवर उभं राहून, दोन्हीकडे हात लावून बघा. पॅड बाजूला ढकलून बघा. फिरत असेल तर आतून वेगळे पट्ट्यांचे नी-शिन गार्ड (गुडघा आणि नडगीचे कवच) घाला. आर्मरवर ईएन १६२१-१ आणि लेव्हल लिहिलेली असते. ५० जूलचा आघात दिल्यावर पलीकडे सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत बल पोचलं तर लेव्हल १, आणि २० पर्यंत असेल तर लेव्हल २. मऊ आर्मर थंडीत कडक आणि उन्हात लुसलुशीत होऊ शकतं, म्हणून लेबलवर टी-अधिक (४० अंश) किंवा टी-उणे (उणे १० अंश) आहे का तेही बघा. या चाचण्या ऐच्छिक असतात.

हातमोजे आणि हेल्मेटबद्दल थोडक्यात. मोटोक्रॉसचे पातळ मोजे डांबरासाठी उपयोगाचे नाहीत. तळव्यावर स्लायडर (डांबरावर घसरणारा कडक तुकडा) आणि मनगटाला घट्ट पट्टा असलेले, ईएन १३५९४ चा १ केपी दर्जा असलेले मोजे दोन्हीकडे चालतात. केपी म्हणजे बोटांच्या सांध्यांवरचं संरक्षण तपासलेलं आहे. हेल्मेट ईसीई २२.०६ या मानकाचं असावं, कारण त्यात तिरकस आघाताने डोकं किती गरकन फिरतं हेही मोजतात. व्हायझर (पुढची काच) आणि पीक (वरचा पुढे आलेला छज्जा) दोन्ही असलेलं घ्या. हायवेच्या वेगाला पीक वारा धरून मान मागे ओढत असेल, तर मोठ्या प्रवासात ते काढून ठेवा.

आता फोटोतल्या चुकीतून सुधारून मी काय करते ते सांगते. आर्मर शर्ट तसाच ठेवला आहे, कारण तो अंगाला चिकटून राहतो आणि पॅड हलत नाहीत. त्यावर एए दर्जाचं हवेशीर जॅकेट, शर्टवर बसेल अशा मापाचं. एका जागी दोन पॅड येऊन हात वाकेनासा होतो, म्हणून जॅकेटचं स्वतःचं आर्मर काढलं आहे. असं केल्यावर जॅकेटवरचं प्रमाणपत्र त्या रूपाला लागू होत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून शर्टचे सगळे पॅड लेव्हल २ चे आहेत याची खात्री केली. अगदी हळू, अवघड ट्रेलवर जॅकेट बॅगेत जातं. डांबर लागलं की बाइक थांबवून ते अंगावर घालायचं, मग पुढचा तुकडा पाचशे मीटरचा का असेना. पावसासाठी वरून घालायचा वेगळा, पातळ रेनकोट ठेवते.

तुम्ही असंही विचारलं आहे की ही सगळी लेबलं कंपन्यांच्याच पैशांनी मिळतात, मग विश्वास कशावर ठेवायचा. प्रश्न रास्त आहे. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात अपघात झालेल्या २१२ मोटरसायकलस्वारांचे कपडे आणि जखमा तपासल्या होत्या. रायडिंगचे कपडे घातलेल्यांना रुग्णालयात दाखल व्हावं लागण्याचं प्रमाण कमी होतं. पण मोजे, जॅकेट आणि पँट या प्रत्येकात चौथ्या हिश्शाहून जास्त वस्तू अपघातात फाटून निकामी झाल्या होत्या. तिथेच २०१८ पासून मोटोकॅप हा उपक्रम चालतो. त्या उपक्रमाचे लोक सामान्य ग्राहकासारखे कपडे विकत घेतात, स्वतः तपासतात आणि संरक्षणाला वेगळे तारे, उकाड्यातल्या सोयीला वेगळे तारे देतात. आपण दोघं ज्यावर भांडतो आहोत त्या दोन्ही गोष्टी तिथे शेजारी शेजारी दिसतात. तुमचं जॅकेट त्यांच्या यादीत असेल तर दोन्ही आकडे इथे जरूर लिहा.

आणि एक काम आजच करा. ईएन १७०९२ च्या कुठल्याही दर्जात पाठीचं संरक्षक सक्तीचं नाही, एएएमध्येसुद्धा नाही. पाठीच्या खिशात बरेचदा नुसती फोमची पट्टी असते. तुमच्या जॅकेटचा तो खिसा उघडा, आतली वस्तू बाहेर काढा आणि तिच्यावर ईएन १६२१-२ (पाठीच्या संरक्षकाचं मानक) छापलं आहे का बघा. माझ्या पहिल्या जॅकेटमध्ये बोटाने दाबली की पार चपटी होणारी पट्टी होती, आणि दोन वर्षं मी ती पाठीवर घेऊन फिरत होते.