एकाच जीपमधून जाऊ द्या

दिवाळीनंतर भाच्याचा फोन आला. "मावशी, मी दत्तक घेतलेल्या पाच घरांपैकी तीन घरांना कुलूप आहे गं."

तो बीडकडे एमबीबीएस करतो. आता अभ्यासक्रमातच गावातली कुटुंबं दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याकडे लक्ष द्यायचं असतं. पोरगा शहरात वाढलेला. उचल घेतलेली माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्याच गावात सर्वेक्षणाला येणाऱ्या नर्सिंगच्या मुलींना मात्र ठाऊक होतं. कोणती बाई सातव्या महिन्यात फडावर गेली, हेसुद्धा त्यांच्या वहीत होतं. पण त्यांचा वार वेगळा, जीप वेगळी.

मीही तिकडेच नर्सिंग शिकले. एका बाळंतिणीची नाडी वाढत चालली होती, अंगाला घाम फुटला होता. राउंडला तोंड उघडलं, तर "सिस्टर, ट्रे धरा" एवढंच ऐकलं. तासाभरात चादर लाल झाली. बाई वाचली, पण तो तास माझ्या मनातून जात नाही.

इथे इंग्लंडमध्ये शिकाऊ नर्स आणि शिकाऊ डॉक्टर एकाच खाटेपाशी उभे असतात. "चार तासांत लघवी फार कमी झालीय," असं ती म्हणाली की तो लिहून घेतो, मग दोघं मिळून वरिष्ठांना बोलावतात. स्वीडनमध्ये लिंशॉपिंगला तर १९९६ पासून असे विद्यार्थी मिळून अख्खा वॉर्ड सांभाळतात. इथलं सगळंच गोड नाही. माणसं कमी पडतात, एकत्र तास कधी कधी हजेरीपुरते उरकतात. तरी नर्सचं बोलणं ऐकायची सवय विद्यार्थीदशेतच लागते.

दोघांना असं एकत्र शिकवावं का, यावर आमच्या घरच्या ग्रुपवर दोन मतं पडली. एक, नर्सिंगवाल्यांशेजारी बसवलं तर डॉक्टरकीचा मान जाईल. दुसरं, असलं शिक्षण हवं तर मुलांना परदेशी पाठवा. मला दोन्ही पटत नाहीत. बीडच्या वेशीवरच्या जामखेडला आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये गावोगावच्या आरोग्याचं काम उभं केलं, ते गावातल्या अल्पशिक्षित बायांना आरोग्यसेविका करून. देशोदेशीचे डॉक्टर, नर्स, विद्यार्थी तिथे शिकायला येतात. मग आपल्या पोरांनी विमानात कशाला बसायचं?

भाच्याला म्हटलं, "त्या मुलींचा वार विचार, आणि त्यांच्याच जीपमध्ये बस."

"परवानगी लागेल, मावशी."

"मग अर्ज कर. त्यांच्याही सह्या घे."