पयी गया

पहिली गोष्ट म्हणजे ‘पळायला जातो’ असं घरात कधीही म्हणू नका. ‘रनिंग’ म्हणा. पळायला जातो म्हटलं की बायको मान वर न करता विचारते, ‘कशापासून?’ रनिंगला हा प्रश्न चिकटत नाही. मला हे उशिरा सुचलं. तोवर आई मावशीला फोनवर सांगून मोकळी झाली होती, ‘तो ना? तो पयी गया.’ आमच्या अहिराणीत पळायला जाणारा ‘पयाले’ जातो आणि पळून जाणारा ‘पयी’ जातो. आईला हा फरक चांगला ठाऊक आहे.

आता वेळेचं बघू. जाणकार सांगतात, वेळ मिळत नसतो, काढावा लागतो. अगदी खरं आहे. कुणाच्या वाट्यातून काढायचा, तेवढंच ते सांगत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम हवा, किंवा चांगला दमवणारा असेल तर ७५ मिनिटं. म्हणजे तीन दिवस, पंचवीस-पंचवीस मिनिटं. बायकोला हाच आकडा सांगा. मोजे शोधणं, घड्याळाला उपग्रह सापडेपर्यंत अंगणात हात वर करून उभं राहणं, परत आल्यावर ओट्यावर बसून घाम सुकवणं, फोटो टाकणं आणि पहिल्या तीन लाइकची वाट बघणं, हे त्यात धरू नका. धरलंत तर दीड तास होतो. साडेपाच ते सात.

नेमक्या याच दीड तासात नळाला पाणी येतं, दूध तापतं, धाकटीची वेणी घातली जाते, थोरल्याचा डबा भरला जातो, त्याला ‘उद्या’ लागणारा थर्माकोल म्हणजे आजच लागणार होता हे उघड होतं, आणि सहा पन्नासला शाळेची व्हॅन कोपऱ्यावर हॉर्न देते. बिलकूल काळजी करू नका. तुम्ही घरात नसलात की हे सगळं आपोआप होतं. मी स्वतः पडताळून पाहिलंय. सातला परतावं तर हंडे भरलेले, पोरं गेलेली, आणि माझा चहा बशीखाली झाकलेला. निसर्गाची काहीतरी व्यवस्था असणार.

सातत्य मात्र हवं. आमच्या धुळ्याच्याच तुरुंगात १९३२ साली विनोबांनी अठरा आठवडे दर रविवारी गीतेवर प्रवचन दिलं आणि साने गुरुजींनी ते उतरवून घेतलं. एकही रविवार चुकला नाही. हा आदर्श डोळ्यांपुढे ठेवा. दोघांनाही मूलबाळ नव्हतं आणि तुरुंगात नळाची पाळी सांभाळावी लागत नाही, असले फाटे फोडू नका.

पळायचं कुठे? पांझरेच्या काठच्या रस्त्याने. पण तिथवर जायला गल्ली ओलांडावी लागते, आणि खरी कसोटी तिथे असते. आपल्याकडे चाळिशीतला माणूस पहाटे धावताना दिसला तर वाईट बातमीच असते. पहिल्याच दिवशी कोपऱ्यावरच्या आबांनी मला हात आडवा करून थांबवलं.

‘काय व्हयनं भाऊ? कोन गया?’

कुणी गेलं नाही आबा, रनिंग करतोय, म्हटलं.

‘मंग गाडी बिघडनी का?’

दुसऱ्या दिवशी ते मोटरसायकल चालू करूनच उभे होते. ‘बस मांगे.’ वडीलधाऱ्या माणसाला नाही कसं म्हणायचं? बसलो. त्या दिवशी माझ्या घड्याळाने एक किलोमीटर बरोबर दोन मिनिटांत नोंदवला. केनियाचा मॅरेथॉनवीर किपचोगे, त्याने २०१९ मध्ये व्हिएन्नात १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत ४२.१९५ किलोमीटर कापले, तेव्हा त्यालाही किलोमीटरला २ मिनिटं ५० सेकंद लागत होते. मी ती नोंद पुसलेली नाही. तुम्हीही पुसू नका.

ऋतूंचं म्हणाल तर मे महिन्यात इकडे पारा चव्वेचाळीसला टेकतो आणि पहाटेचा वारासुद्धा कालचाच शिळा गरम वाटतो. त्यातून आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी आलेल्या असतात, सगळं गोकुळ गच्चीवर झोपलेलं असतं. सात जणांना न तुडवता जिन्यापर्यंत पोचणं हाही व्यायामच, तो मोजायला घड्याळ शिकलेलं नाही. पावसाळ्यात चिखल. राहिला हिवाळा. हवा अशी की पाय आपोआप उचलले जावेत. पण तेव्हाच शेतातून निरोप येतो, कपाशीच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजायला घेतली आहेत, या. भरितावर तेलाचा तवंग, सोबत कळण्याची भाकरी, कांद्याची पात. पाच किलोमीटर पळून जाळलेलं तुम्ही दुसऱ्या भाकरीआधीच वसूल करता. तिसरी नफ्यात.

मुलांनाही सोबत घ्या, असा एक सल्ला असतो. तो देणाऱ्यांना बहुधा दुसऱ्यांची मुलं असतात. मी धाकटीला एकदा नेलं. दोनशे मीटर ती माझ्यापुढे होती, तिथून घरापर्यंत माझ्या खांद्यावर. मधे चार कुत्री मागे लागली तेव्हा मात्र वेग सुरेख आला. शहरात यालाच पैसे मोजून इंटरव्हल ट्रेनिंग म्हणतात.

एवढं सगळं जमलं तरी एक धोका राहतो, तो सांगितल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. हे व्यसन बायकोला लागू देऊ नका.

गेल्या शनिवारी ती साडेपाचला उठली, जुने कॅनव्हासचे बूट चढवले आणि म्हणाली, ‘रनिंगला जाते.’ शब्द बरोबर वापरल्यामुळे मला हरकत घेता आली नाही. नळ आला. मोटर लावायला धावलो तर इकडे दूध शेगडीवर उतरलं. वेणी मीच घातली, धाकटीने आरशात पाहिलं आणि रडायला बसली. डब्यात काय दिलं ते थोरल्याने अजून कुणाला सांगितलेलं नाही. व्हॅनने तीन हॉर्न दिले आणि गेली. चौथ्यासाठी कुणी थांबत नाही हे मला त्या दिवशी कळलं. दोघांना स्कूटरवर घालून अर्ध्या चड्डीत शाळेच्या फाटकापर्यंत गेलो. तिथे माझ्या ऑफिसातल्या बाई होत्या.

ती सव्वासातला आली. घामाचा थेंब नाही.

‘किती किलोमीटर?’

‘एकही नाही. एकवीरेच्या देवळापाशी नदीकडे तोंड करून बसले होते.’

‘एवढा वेळ?’

‘हो. कुणी हाकच मारली नाही.’

आणि तिने ओट्याकडे पाहिलं. चहा झाकून ठेवलेला नव्हता. चहा केलेलाच नव्हता.

तेव्हा बूट वरच्या खणात ठेवत जा, जमलं तर कुलपात. मी ठेवणारच होतो. पण आईने तोवर मावशीला फोन लावला होता. ‘आज ती बी पयी गई,’ ती सांगत होती, आणि माझ्या वेळी तिच्या आवाजात कधी नव्हतं इतकं कौतुक होतं.