पिन ३४, ‘कुठलीही ड्राइव्ह चालते’ आणि एका प्रतिक्रियेला उत्तर

रोलँड डब्ल्यू-३० या जुन्या सॅम्पलर (आवाज नोंदवून वाजवणाऱ्या) कीबोर्डची बंद पडलेली फ्लॉपी ड्राइव्ह बदलण्याबद्दलच्या माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली. “जुन्या संगणकातली कुठलीही ड्राइव्ह लावा, चालते. पिन ३४ चा बाऊ करून लोकांना घाबरवायचं आणि दुरुस्तीची गिऱ्हाइकं गोळा करायची, हा धंदा आहे. त्यापेक्षा गोटेक लावून मोकळे व्हा. शिवाय ड्राइव्ह सिलेक्टचा पिनही चुकीचा दिलाय.” (पिन ३४ हा ड्राइव्हच्या ३४ तारांच्या केबलीतला शेवटचा पिन. ड्राइव्ह सिलेक्ट म्हणजे यंत्र ज्या तारेवर ड्राइव्हला हाक मारतं ती. गोटेक म्हणजे फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसणारं, पेन ड्राइव्हवर चालणारं उपकरण.)

पिनचं तेवढं खरं आहे. परिच्छेदात १२ पडलं होतं, १० हवं होतं. खालच्या तक्त्यात पहिल्यापासून बरोबर होतं, पण परिच्छेद वाचून कोणी सोल्डर केलं असतं तर घोळ झाला असता. दुरुस्त केलंय, आभार.

‘धंदा’ हा शब्द मात्र मला लागला. मी ड्राइव्ह विकत नाही आणि या लेखातून एकही काम माझ्याकडे आलेलं नाही. स्टुडिओतले आणि ऑर्केस्ट्रावाल्यांचे कीबोर्ड उघडायला लागून मला बावीस वर्षं झाली. तेवढ्या कामातून जे हाताला लागलं तेच लिहिलंय. चूक दाखवा, वाद घाला, पण माणसाच्या हेतूवर बोट ठेवण्याआधी लेख निदान पुरता वाचावा. तो तुम्ही वाचलेला नाही हे तुमच्या पहिल्याच वाक्यावरून कळतं, म्हणून त्या वाक्याबद्दलच बोलतो.

संगणकाची ड्राइव्ह कारखान्यातूनच डीएस१ (ड्राइव्ह सिलेक्ट १) वर, म्हणजे पिन १२ वर, लावून येते. संगणकात ती ‘ए’ म्हणून चालते, कारण केबलीत १० ते १६ या तारांना पीळ दिलेला असतो. एकच ड्राइव्ह असलेल्या सॅम्पलरची केबल बहुधा सरळ असते. यंत्र पिन १० वर हाक मारतं आणि ड्राइव्ह ढिम्म. जंपर (दोन पिना जोडणारी बारीक टोपी) असेल तर डीएस० वर सरकवा, काम झालं. शेवटच्या काळातल्या बऱ्याच ड्राइव्हवर जंपरच नाही. तिथे बोर्डवरचा शून्य ओहमचा बारीक रेझिस्टर उचलून शेजारच्या पॅडवर बसवावा लागतो आणि जोर लावला की पॅडच उखडतो.

आता पिन ३४. शुगार्ट या जुन्या ड्राइव्ह कंपनीच्या पद्धतीत या पिनवर ‘रेडी’ असतो: डिस्क आत आहे, मोटरने वेग धरलाय, वाचायला हरकत नाही. संगणकाच्या ड्राइव्हमध्ये त्याच पिनवर ‘डिस्क चेंज’ असतो. दोन्ही सिग्नल शून्य व्होल्टला ‘हो’ म्हणतात, पण अर्थ जवळजवळ उलटा. डिस्क नसताना डिस्क चेंज खाली असतो. डिस्क घातली आणि हेड एक पाऊल सरकला की तो वर जातो. म्हणजे रेडीची वाट बघणाऱ्या यंत्राला रिकामी ड्राइव्ह ‘तयार’ दिसते आणि डिस्क घालून वाचायला सुरुवात केली की ‘तयार नाही’. दिवा लागतो, मोटर फिरते, हेडचा टकटक आवाजही येतो, आणि तरी यंत्र डिस्क मागत राहतं. मग लोक चांगली ड्राइव्ह खराब समजून दुसरी आणतात. तुमची चालली असेल तर ते यंत्र रेडी बघत नसेल, किंवा त्या ड्राइव्हवर रेडीचा जंपर लावलेला असेल. त्यावरून ‘कुठलीही’ हा शब्द निघत नाही.

३४ कायमचा ग्राउंडला जोडण्याचा उपाय मीही दिलाय, पण पर्याय म्हणून. त्यात डिस्क काढली-घातलेली यंत्राला कळत नाही आणि रिकाम्या ड्राइव्हवरही ते वाचत बसतं. सॅम्पल सेव्ह करणाऱ्याने तो टाळावा.

एचडी (जास्त क्षमतेच्या) डिस्कचंही तेच. डब्ल्यू-३० डीडी (कमी क्षमतेच्या) डिस्कवर लिहितं: ८० ट्रॅक, दोन बाजू, ७२० किलोबाइट. जुन्या डीडी ड्राइव्हला एचडी डिस्कच्या ओळखीचं भोक कळत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं एचडी डिस्कवर काम भागलेलं असतं. नवी ड्राइव्ह ते भोक ओळखते, स्वतःला एचडीवर नेते, आणि त्याच डिस्क वाचेनाशा होतात. भोकावर अपारदर्शक टेप लावला की बहुतेक वाचतात.

घाबरवण्याबद्दल. ३४ तारांची केबल उलटी बसली तर दिवा सतत जळत राहतो. विषम पिना सगळ्या ग्राउंड, म्हणून उलट्या केबलीत प्रत्येक सिग्नल ग्राउंडला जातो, त्यात पिन २४, म्हणजे लिहिण्याचा हुकूमही आला. अशा वेळी यंत्र सुरू करणारी एकुलती एक सिस्टम डिस्क आत घातली तर हेड ज्या ट्रॅकवर असेल तो गेला. राइट प्रोटेक्टची (लिहिणं रोखणारी) खिडकी उघडी ठेवा, पहिली डिस्क फुकट गेली तरी चालेल अशी घ्या, हे मी पुन्हा लिहीन.

गोटेक हवा त्याने लावावा, माझा विरोध नाही. आधी जुन्या डिस्कच्या प्रतिमा (फाइल म्हणून हुबेहूब नकला) काढून घ्याव्या लागतात, एवढंच. हेड सरकलेल्या ड्राइव्हवर लिहिलेली डिस्क कधीकधी फक्त तिच्यातच वाचली जाते, म्हणून जुनी ड्राइव्ह टाकू नका. कोकण-मुंबईच्या दमट हवेत डिस्कवर बुरशी चढते, ती हेडला लागते. ९९ टक्के आयसोप्रोपिलने हेड पुसून आणि हेड सरकवणाऱ्या स्क्रूवरचं वाळलेलं ग्रीस बदलून बघितल्याशिवाय ड्राइव्ह मेली असं म्हणू नये.

तरीही पटत नसेल तर मोजा. संगणकाची ड्राइव्ह टेबलावर घ्या, ५ व्होल्ट द्या. १२ (सिलेक्ट) आणि १६ (मोटर) ग्राउंडला जोडा (डीएस० केली असेल तर १२ च्या जागी १०). ३४ आणि ५ व्होल्ट यांच्यात १ किलोओहमचा रेझिस्टर लावा, मीटर ३४ आणि ग्राउंडवर. २४ ला हात लावू नका. डिस्क नसताना काय दिसतं ते लिहून ठेवा. मग राइट प्रोटेक्ट केलेली डिस्क घाला, १८ (हेडची दिशा) ग्राउंडला धरून २० ला (हेडचं पाऊल) क्षणभर ग्राउंडचा स्पर्श द्या आणि पुन्हा बघा. हेच तुमच्या सॅम्पलरच्या मूळ ड्राइव्हवर करा, तिच्या सिलेक्टच्या पिनने. चारही आकडे इथे लिहा, मग ‘कुठलीही’वर बोलू.