साहेबांचा उन्हाळा आणि मोठ्या आईचं लुगडं

सकाळी फॅमिली ग्रुपवर एका चुलतभावाने व्हिडिओ टाकला. आमच्या भागातल्या आमदारसाहेबांच्या उन्हाळी कामाचा. ड्रोन, ढोल-ताशे, पांढऱ्या कपड्यात हळूहळू चालत येणारे साहेब. मग एकेक काम. पाणपोया, मोफत टँकर, नेत्रतपासणी शिबिर, सामुदायिक विवाह, आमदार चषक, सभामंडपाचं भूमिपूजन, चौकातला हायमास्ट दिवा. आणि मधेच एक फोटो. एक बाई घागर धरून उभी आहे, घागरीला साहेबांचा हात लागलेला आहे, खाली लिहिलंय 'यंदाच्या भीषण टंचाईत माता-भगिनींना दिलासा'.

ती बाई म्हणजे माझी मोठी आई. थोरल्या चुलत्यांची बायको.

फोटो 2016 चा आहे. मी तिथे उभी होते म्हणून मला माहीत आहे.

व्हिडिओ टाकणाऱ्या आमच्या भावाने सख्ख्या चुलतीला ओळखलं नाही. किंवा ओळखलं असेल आणि तरी हात जोडलेल्या तीन इमोजी लावून पुढे ढकलला असेल. ते जास्त वाईट.

मी मोठ्या आईला फोन केला. म्हटलं, तू साहेबांच्या व्हिडिओत आलीस. तर पहिला प्रश्न काय? "कंचं लुगडं हाय अंगावर?" म्हटलं हिरवं, तांबड्या काठाचं. "आगं, ते तर कवाच गोधडीत गेलं!" आणि हसत सुटली. मला काही हसू आलं नाही. ऑफिसला निघायचं सोडून हे टाइप करत बसलेय, यावरून काय ते समजा.

तर तो 2016 चा एप्रिल. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी नेत होते तोच उन्हाळा. आमचं गाव बालाघाटाच्या कडेला, तिथे रेल्वे कुठली यायला, तिथे टँकर. पुण्याहून मी सुट्टीला गेले होते. अकराच्या सुमाराला भरलेला टँकर गावात आला आणि वडाखाली उभा राहिला. एरवी टँकर सार्वजनिक विहिरीत रिकामा करतात आणि बायका नंतर शेंदून काढतात. त्या दिवशी ड्रायव्हर व्हॉल्व्ह उघडेना. का? साहेब येणार होते, नारळ फोडायचा होता. बायका घागरी, हंडे, कॅन रांगेत ठेवून बसल्या. ऊसतोडीला गेलेली माणसं परत आलेली, गाव भरलेलं, प्रत्येक घरात चार तोंडं वाढलेली. टँकर भरलेला, समोर उभा आणि पाणी कुणाला नाही. लहान पोरं टाकीच्या तळाशी ठिबकणाऱ्या थेंबाखाली ओंजळ धरत होती. साहेब आले दीडनंतर. नारळ फुटला, फोटो झाले, टँकर पाच मिनिटांत विहिरीत मोकळा केला, गाड्या गेल्या.

आणि हा टँकर कुणाचा? समोर बॅनर होता 'साहेबांच्या स्वखर्चातून'. ग्रामपंचायतीने ठराव दिला होता, पंचायत समितीतून प्रस्ताव तहसीलला गेला होता, मंजुरी आली होती. ड्रायव्हरच्या लॉगबुकात खेपेची नोंद होती आणि त्याखाली गावातल्या माणसांच्या सह्या होत्या. माणशी 20 लिटरचा हिशोब लावून सरकारने दिलेला टँकर. साहेबांचं त्यात काय होतं? बॅनर होता आणि नारळ होता. नारळाचे पैसे त्यांनीच दिले असतील, ते मी नाकारत नाही.

तुम्ही माझ्या फ्रेंडलिस्टमधली माणसं आहात, तुम्हाला हे वेगळं समजवायला नको. पण गावाकडे अजून 'साहेबांनी सभामंडप दिला' असंच बोलतात. साहेबांनी? आमदाराला स्थानिक विकास निधी मिळतो, आता वर्षाला 5 कोटी. आमदार काम सुचवतो, मंजुरी जिल्हाधिकारी देतो, पैसा तिजोरीतला. म्हणजे तुमचा, माझा, आणि मोठी आई दुकानातून साबणाची वडी आणते तिचासुद्धा. आणि या पैशातून आमच्या गावात काय काय झालं? पेव्हर ब्लॉक. मग दुसऱ्या गल्लीत पेव्हर ब्लॉक. एक ओपन जिम, जिच्यावर बायका गोधड्या वाळत घालतात. हायमास्ट, ज्याचं बिल कोणी भरायचं यावरून तो निम्मा काळ बंद. दोन सभामंडप, एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर, कारण भावकी दोन आहेत.

पाण्यासाठी? थांबा, सांगते.

त्या दिवशी फोटो काढताना मोठी आई गप्प बसली नव्हती. घागर हातात, समोर कॅमेरा, आणि ही बाई साहेबांना विचारते, "साहेब, तळ्यातला गाळ कवा काढायचा?" साहेब हसले. मागे वळून पीएला म्हणाले, लिहून घे रे. पीएच्या हातात तीन फोन होते, पेन नव्हतं. त्याने मान हलवली. संपलं. फोटोत तिचं तोंड जरा उघडं दिसतंय ना, ते हसू नाही. ती गाळाबद्दल बोलतेय.

तिला तळ्याचं एवढं का लागलंय तेही सांगते. आमच्या गावचा पाझर तलाव बहात्तरच्या दुष्काळातला. मोठी आई तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली, वय चौदा-पंधरा. दुष्काळी कामावर डोक्यावरून मातीची पाटी वाहिली तिने त्या बांधावर. मदतीत मिळालेली सुकडी खाल्ली, मिलोच्या (परदेशी तांबड्या ज्वारीच्या) भाकरी खाल्ल्या. तो बांध तिच्या हातचा आहे. पाझर तलावाचं काम पाणी मुरवायचं, म्हणजे खालच्या अंगाच्या विहिरींना पाझर फुटतो. पण तळाला गाळाचा थर बसला की पाणी मुरत नाही, नुसतं उन्हाने वाफ होऊन जातं. पावसाळ्यात तळं भरलेलं दिसतं, लोक पूजन करतात, स्टेटस ठेवतात, आणि फेब्रुवारीत विहिरी कोरड्या. यात काही रॉकेट सायन्स नाही. फक्त सही करायला शिकलेली एक बाई घागर धरून उभ्या उभ्या सांगत होती.

आणि उन्हाळ्यातच करायचं काम आहे हे! तळ्याचा तळ दुसऱ्या कुठल्या महिन्यात उघडा पडतो? पाडव्यापासून मृगापर्यंतचे हेच ते दिवस. 2017 पासून सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार म्हणून योजनाच आहे, गाळ काढायचा आणि शेतकऱ्याने तो आपल्या वावरात नेऊन टाकायचा. हलक्या माळरानाच्या जमिनीला गाळ म्हणजे सोनं. साहेबांच्या माणसांकडे पोकलेन आहेत, हायवा आहेत, अर्ध्या तालुक्याची वाळू तेच उपसतात (हे मी म्हणत नाही, सगळे म्हणतात). एवढी यंत्रं असताना एका तळ्याला किती दिवस लागतील?

आलं होतं मशीन एकदा. खोटं नाही बोलणार. रस्त्याच्या बाजूने दोन दिवस खोदलं, शूटिंग झालं, तिसऱ्या दिवशी मशीन दुसऱ्या गावाला. आजच्या व्हिडिओत 'जलसंधारणाची क्रांती' म्हणून तोच खड्डा आहे. वरून, ड्रोनने. वरून काहीही खोल दिसतं.

(चहा करून आले. जरा शांत झालेय. पुढचं शांतपणे लिहायचा प्रयत्न करते.)

मी राजकारण्यांना सरसकट शिव्या देणाऱ्यांतली नाही. माझे आजोबा काँग्रेसचे, वडील शेतकरी कामगार पक्षाचे, घरात सभेची सतरंजी कायम. तुमच्यापैकी जे नोकरी करतात त्यांनी आपली पगाराची स्लिप काढून बघा. व्यवसाय कर, 200 रुपये. फेब्रुवारीत 300. वर्षाचे 2500. हा कर कशासाठी लागला माहितीये? रोजगार हमीसाठी. या कराचा कायदा 1975 चा. शहरातल्या पगारदाराने थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून खेड्यातल्या माणसाला उन्हाळ्यात हाताला काम द्यायचं. त्या योजनेमागे वि. स. पागे होते, विधान परिषदेचे सभापती. त्यांनी आधी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला करून बघितलं, मग बहात्तरच्या दुष्काळात ती कल्पना राज्यभर उपयोगी पडली, 1977 ला रोजगार हमीचा कायदा झाला, आणि पुढे अख्ख्या देशाने त्यावरून धडा घेतला. राजकारण्याने उन्हाळ्यात काम करायचं म्हणजे हे! पन्नासेक वर्षांनी पुण्यात बसलेल्या एका बाईच्या स्लिपमधून अजून पैसे कापले जातायत आणि मला त्याचं एका पैशाचं वाईट वाटत नाही. माझ्या मोठ्या आईला सासरच्या पहिल्याच उन्हाळ्यात जगवलं ते अशाच कामाने.

आता कोणीतरी कमेंटमध्ये येणारच की काळ बदलला, आता मातीकाम कोण करतंय. बरोबर आहे, कोणी करत नाही. मग मशीनने करा, नाही कोण म्हणतंय.

दुसरं कोणीतरी म्हणेल, आमदाराचं काम कायदे करायचं, तळी उपसायचं नाही. तेही बरोबर. मग पाणपोईची फीत कापायलाही येऊ नका ना!

आणि पाण्याच्या कामासाठी नावाजलेलं हिवरे बाजार गाव काही चंद्रावर नाही. आमच्याकडून सकाळी निघून दुपारी जेवायला घरी परत येता येतं. पोपटराव पवार तिथे 1989 मध्ये सरपंच झाले. आमदार नाही, सरपंच! पाऊस किती पडला ते मोजायचं, पाण्याचा ताळेबंद मांडायचा आणि मग कुठलं पीक घ्यायचं ते ठरवायचं. शेतीला बोअर नाही, ऊस नाही. आमच्या गावातून किती सहली गेल्या तिकडे. साहेबांनीच नेल्या, बस करून, जेवणासकट. परत आल्यावर पहिलं काम काय झालं तर दोघांनी बोअर घेतले. हे मात्र साहेबांच्या माथी मारता येत नाही, हे आमचं आम्हीच.

मला खरा राग कशाचा आलाय ते आत्ता लिहिता लिहिता कळतंय. टँकरचा नाही. पाणीटंचाईसाठी सरकारचा टंचाई आराखडा दरवर्षी होतो. तीन टप्पे असतात, ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च, एप्रिल ते जून. म्हणजे उन्हाळा येणार आहे, कुठल्या वाडीला पाणी संपणार आहे, कुठली विहीर अधिग्रहित करायची, हे सगळं ऑक्टोबरात कागदावर असतं. अचानक काहीच होत नाही. पण ऑक्टोबरात काम केलं तर ते दिसत नाही. मेमध्ये तहानलेल्या माणसासमोर टँकर उभा केला की दिसतं. तहान पिकू द्यायची आणि मग फोटो काढायचा. आणि ज्या माणसाला पाणी मिळणं हा हक्कच होता, त्याच्याकडून उपकाराचा नमस्कार घ्यायचा. माझ्या मोठ्या आईने त्या दिवशी घागर भरल्यावर खरंच हात जोडले होते. मी बघितलंय. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तिला नाही आला राग. फोनवर मी हे सगळं बोलले तर म्हणाली, "पर पाणी आलं व्हतं की गं. खोटं कशाला बोलायचं." हो. आलं होतं. त्या विहिरीत दुसरं पाणी नव्हतं आणि त्या दिवशी सगळ्यांनी तेच प्यायलं, मीही. साहेब आले नसते तर बीडीओने (गटविकास अधिकाऱ्याने) टँकर आठवडाभर लटकवला असता, असंही ती म्हणाली. असेल. आमच्याकडे फोन केल्याशिवाय फाईल हलत नाही आणि साहेब फोन करतात, एवढं श्रेय मी देते. फाईल फोनविना का हलत नाही ते मात्र साहेबांनी कधी बघितलं नाही.

बरं, त्या फोटोचं पुढे काय झालं तेही ऐका. तो फ्लेक्सवर गेला होता, वेशीपाशी, माणसापेक्षा मोठा. निवडणुकीची आचारसंहिता लागली तेव्हा उतरवला. मग आमच्या थोरल्या चुलत्यांनी तो उचलून आणला आणि पावसाळ्यात कडब्याच्या गंजीवर टाकला. दोन पावसाळे टिकला. साहेबांच्या तोंडावरून पाणी ओघळायचं, मोठी आई घागर धरून त्यांच्या बाजूला, खाली कडबा कोरडा. ती म्हणते साहेबांचं सगळ्यात टिकाऊ काम तेच. तळ्यापेक्षा फ्लेक्सचा माल बरा निघाला.

हे लिहून झाल्यावर गावातले दोघंतिघं फोन करणार, ताई तुम्ही पुण्यात राहून बोलता. बोलणार. सासर पुण्यात आहे, माहेर गावातच आहे, आणि रेशनकार्डावरून नाव काढलं म्हणून तळ्यावरचा हक्क जात नाही.

1 मेला ग्रामसभा आहे. मी येणार आहे, मोठी आईपण येणार आहे, गोधडी घेऊन येते म्हणाली, काय करणार आहे तिचं तिलाच माहीत. गाळ काढायचा ठराव मांडायचाय, मृगाला अजून महिना आहे. व्हिडिओ पुढे पाठवणाऱ्या माझ्या भावा, तू पण ये. कमेंटमध्ये 'साहेब एक नंबर' लिहायला आधीच आलेल्या तुम्ही सगळ्यांनीही या. ट्रॅक्टर तुमच्याच दारात उभे आहेत, डिझेलचं बघू.