‘क्विक रिमूव्हल’ने हार्ड डिस्क सामाईक होत नाही

कोल्हापुरातल्या लहान कार्यालयांच्या आणि उद्यमनगरातल्या कारखान्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुढे पाठवला जातो. बाहेरची हार्ड डिस्क यूएसबी स्विचला जोडा, डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिच्या ‘पॉलिसीज’खाली ‘क्विक रिमूव्हल’ निवडा, फोल्डरवर ‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकार द्या आणि तरीही जमले नाही तर ‘एसएमबी १’ (नेटवर्कवरून फाइली देण्याघेण्याची विंडोजची जुनी पद्धत) चालू करा, म्हणजे सर्व्हरशिवाय तीन-चार संगणकांना ती एकाच वेळी वापरता येईल, असा त्यातला दावा आहे. एवढ्या संगणकांना वेगळा सर्व्हर लागत नाही, हे खरे. बाकीचे तपासून पाहिले पाहिजे.

‘क्विक रिमूव्हल’चा सामाईक वापराशी काडीचाही संबंध नाही. लिहायची माहिती मेमरीत साठवून न ठेवता लगेच डिस्कवर उतरवावी, एवढेच ती विंडोजला सांगते. शिवाय विंडोज १०च्या १८०९ आवृत्तीपासून ती आधीच निवडलेली असते. त्यामुळे ‘सेटिंग बदलल्यावर चालले’ म्हणणाऱ्यांनी बहुधा काहीच बदललेले नसते.

यूएसबीच्या रचनेत एका संगणकाला १२७ उपकरणे जोडता येतात, पण एका उपकरणाला एका वेळी संगणक एकच. स्विचचे बटण दाबले की डिस्क एकापासून तुटून दुसऱ्याला लागते. आळीपाळीने वापरायला ते ठीक आहे, मात्र आधी ‘इजेक्ट’ करूनच.

यावर काही जाणकार आय-स्कझीने, म्हणजे नेटवर्कवरची डिस्क संगणकाला स्वतःचीच असल्यासारखी दिसेल अशा पद्धतीने, ती जोडण्याचा तोडगा सुचवतात, आणि खरा धोका तिथे आहे, कारण त्या मार्गाने दोन संगणक एका डिस्कला खरोखरच जोडले जातात. डिस्कवर फाइली मांडणारी विंडोजची फाइल सिस्टिम, एनटीएफएस, मात्र आपल्याखेरीज डिस्कवर कोणी लिहीत नाही असे धरून चालते आणि मोकळ्या जागेची नोंद आपल्या मेमरीत बाळगते. पहिल्या संगणकाने एखाद्या कास्टिंगचे ड्रॉइंग जिथे लिहिले, ती जागा दुसऱ्याच्या नोंदीत अजून मोकळीच असते. तो नेमका तिथेच जीएसटीची एक्सेल फाइल लिहितो आणि कोणालाही इशारा मिळत नाही. ड्रॉइंग नावानिशी दिसत राहते, पण उघडत नाही. डिस्क तपासून दुरुस्त करणारे चेकडिस्क चालवल्यावर ‘फाउंड.०००’ फोल्डरात काही सापडलेच, तर तुकडे सापडतात. असा वापर पेलण्यासाठी जीएफएस२, ओसीएफएस२ यांसारख्या क्लस्टर फाइल सिस्टिम मुद्दाम घडवलेल्या आहेत. ‘क्विक रिमूव्हल’वरच्या एका खुणेने ते काम एनटीएफएसला येत नाही.

म्हणून डिस्क एकाच संगणकाला जोडावी आणि तिच्यावरचे फोल्डर शेअर करावे. मग बाकीचे संगणक डिस्कला हात न लावता त्याच्याकडे फाइल मागतात आणि कोणती फाइल कोणासाठी अडवून ठेवायची हे तोच ठरवतो. तो बंद पडला की सगळ्यांचे काम अडते, ही या पद्धतीची खरी उणीव आहे. त्याचे ‘स्लीप’ बंद ठेवावे आणि डिस्क मॅनेजमेंटमधून डिस्कला ठरावीक अक्षर द्यावे, कारण अक्षर बदलले की शेअर सापडत नाही.

‘एव्हरीवन’ला पूर्ण अधिकार दिले, तर एका संगणकात शिरलेले रॅन्समवेअर सगळ्यांच्या फाइली कुलूपबंद करू शकते, त्यापेक्षा प्रत्येकाला स्वतंत्र खाते द्यावे. एसएमबी १चा सल्ला तर सरळ घातक आहे. २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर त्यातल्याच त्रुटीतून पसरले. डिस्क राउटरच्या यूएसबी पोर्टला लावलेली असेल आणि राउटरला एसएमबी १शिवाय काही कळत नसेल, तर ती तिथून काढून संगणकालाच लावावी.