ओला की सुका?

आज सकाळी कचरागाडीवाल्याने अख्ख्या गल्लीदेखत माझी पिशवी परत केली. कचरा नाकारला गेलेला माणूस कसा दिसतो? अंगात बनियन, हातात पिशवी, आणि वर गाडीच्या भोंग्यावर स्वच्छतेचं गाणं.

"भिया, ये गीला है के सूखा?"

पिशवीत लाकडाचा भुसा, कुरतडलेला पुठ्ठा आणि आमच्या तेरा जर्बिलांच्या, म्हणजे उंदराएवढ्या पाळीव प्राण्यांच्या, लेंड्या होत्या. आमचं इंदूर 2017 साली स्वच्छतेत देशात पहिलं आलं, तेव्हापासून इथला माणूस एक वेळ व्याह्यांचं नाव विसरेल, पण केळीचं साल निळ्या डब्यात टाकणार नाही.

"सूखा," मी म्हटलं. "रेगिस्तानी जानवर है, मंगोलिया का. पानी ही कम पीता है, तो पेशाब भी दो बूँद."

त्याने काडीने एक लेंडी वर काढली. तांदळाच्या दाण्याएवढी, खडखडीत. "और ये क्या सूखा मेवा है?"

गल्ली हसली. आणि तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे अण्णा फाटकात आले. अण्णा निवृत्त आहेत, म्हणजे पगारापुरते.

"उंदरांचं काय झालं?"

"उंदीर नाहीत हो, जर्बिल. शेपटीवर केस असतात, बघा ना कधीतरी."

"शेपटीवर केस आले म्हणून उंदराचा वाघ होतो का? आता किती झाले?"

"तेरा."

अण्णांनी गाडीवाल्याकडे वळून निकाल जाहीर केला, "तेरह!" गाडीवाल्याने सरळ गाणंच बंद केलं. ड्रायव्हर खाली उतरला.

"मागच्या महिन्यात सात होते ना?"

"होते."

"मग बाळंतिणीला वेगळं नाही ठेवलंत? आमच्या आईच्या वेळी सव्वा महिना नवऱ्याला खोलीत पाऊल टाकता येत नसे. तुम्ही शिकलेली माणसं, आणि दोघांना एकाच पेटीत?"

संताप याचा की अण्णांचं बरोबर होतं. दुकानदाराने "दोनों फीमेल, गारंटी" म्हणून चिंगी आणि मंगी आमच्या गळ्यात मारल्या. शेपटीखालच्या दोन छिद्रांमधलं अंतर पाहायचं असतं, नरात ते जास्त असतं, हे मला नंतर कळलं. त्याला तर आधी कळायला हवं होतं. मंगीचा मंग्या झाला तोवर चिंगीचे पंचविसेक दिवस भरत आले होते. पाच पिल्लं. सोललेल्या शेंगदाण्यांसारखी गुलाबी, डोळे मिटलेले, कान चिकटलेले. चिंगी दाणे खायला उठली की मंग्या पिल्लांवर अंग पसरून बसायचा. असा बाप पाहून बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ते जाऊ द्या.

तर असं हे आदर्श जोडपं. ज्या रात्री आम्ही त्या पाचांचं कौतुक करून झोपलो, त्याच रात्री पुढच्या सहांची सोय झाली. बाळंतपणानंतर काही तासांत मादी पुन्हा तयार असते. कुठला सव्वा महिना!

आता मंग्या वेगळा आहे, मोठ्या पाचांमधले नर त्याच्याबरोबर, माद्या दुसऱ्या पेटीत, चिंगी धाकट्या सहांसह तिसऱ्या पेटीत. तीन पेट्या, तीन पाण्याच्या बाटल्या, आणि आमचं जेवणाचं टेबल गेलं. या वेळी खात्री करायला मी भिंग घेऊन बसलो होतो. नऊ-दहा आठवड्यांत हेच पाच वयात येतात. मग माझ्यासारख्याला बारशाशिवाय दुसरा धंदाच उरत नाही.

फोटो टाकला की आत्या, मावश्या, मेहुणे सगळे लाल बदाम पाठवतात. "एक जोडी घेऊन जा" म्हटलं की एकाचीही रेंज टिकत नाही. आणि एकेकटा द्यायचा नाही, तो एकटेपणाने खंगतो. अनोळखी दोघे मोठे एकत्र टाकले तर रक्त निघेस्तोवर भांडतात. दुकानदाराला परत विचारलं, तर म्हणाला, बिका हुआ माल वापस नहीं होता. दोनाचे तेरा झाले, यात माल विकला कोणी आणि वाढवला कोणी, याचा हिशेब तो करत नाही. विकताना मात्र "एकदम शांत जानवर" म्हणाला होता.

"आणि रात्री दोन वाजता वरून ठोकतं कोण?" अण्णांनी सर्वांसमोर विचारलं.

धोका वाटला की जर्बिल मागच्या पायांनी जमिनीवर ठकठक करतात, मग ऐकून बाकीचेही करतात. हे मी समजावू लागलो. "धोका कसला?" अण्णा म्हणाले. खरं तर तो मीच होतो, फ्रिजमधलं पाणी प्यायला उठलेला. सांगितलं नाही.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. गाडीवाला पायरीवर चढता चढता म्हणाला, "भिया, पुठ्ठा अलग, भूसा अलग, मेवा अलग. कल देखेंगे."

पिशवी जिन्याखाली ठेवून आत आलो. अकरा वाजता दूध आणायला निघालो, तर तिच्यावर अण्णांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी होती: 'हे वरच्यांचे.'