एक बादली, चौदा गाड्या

आमच्या सोसायटीत सकाळी सहाला गाड्या पुसल्या जातात. बादली एक, फडकं एक, गाड्या चौदा. पहिल्या गाडीला पाणी मिळतं, चौदाव्या गाडीला आधीच्या तेरांचा चिखल. माझी चौदावी. त्यात रंगानं काळी! ऊन पडलं की बॉनेटवर कोळ्यानं भाड्यानं जागा घेतल्यासारखं जाळं दिसतं.

गोल गोल पुसल्यानं हे गोल ओरखडे पडतात, असं जो तो सांगतो. पण ओरखडे सगळ्या दिशांना असतात. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती आडवे येतील तेवढेच चमकतात, म्हणून ते गोल भासतात. फडक्यात माती असली की सरळ पुसा नाहीतर नागमोडी, चरे पडणारच. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, जेमतेम 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे साधारण केसाएवढासुद्धा जाड नाही.

म्हणून आधी नुसत्या पाण्याच्या धारेनं माती उतरवायची, तोवर गाडीला हात लावायचा नाही. बादल्या दोन: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी आणि माती खालीच राहावी म्हणून तळाशी जाळी. दर पॅनलनंतर मायक्रोफायबरचा हातमोजा साध्या पाण्यात पिळायचा, मगच शाम्पूत. सुरुवात टपापासून, दारांचा खालचा भाग शेवटी. चाकांचं फडकं वेगळं. जमिनीवर पडलेलं फडकं थेट धुण्यात; ‘झटकलं की झालं’ म्हणणाऱ्यांना गाडी उसनी देऊ नये. मायक्रोफायबर धुताना कपडे मऊ करणारं कंडिशनर नको, धागे बुळबुळीत होतात आणि पाणी शोषत नाहीत. गाडीला भांड्यांचा साबणही नको, मेणाचा थर उतरतो.

बोअरिंगचं पाणी उन्हात वाळू दिलं की क्षारांचे पांढरे ठिपके बसतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, सावलीत, गार पत्र्यावर मिनिटभर, मग भरपूर पाणी. तरी डाग राहिला तर तो आत खात गेलाय, तिथे पॉलिशच.

पॉलिशआधी चऱ्यावरून नख फिरवा. अडकलं तर चरा खोल आहे, घासून जाणार नाही. नाही अडकलं तर दोन फूट बाय दोन फुटांच्या तुकड्यावर, फोमच्या पॅडला वाटाण्याएवढे चार थेंब. आधी सौम्य पॉलिश एका कोपऱ्यात. रबिंग कंपाउंडची, म्हणजे जास्त खरखरीत पॉलिशची, घाई नको. पॉलिश चरा भरत नाही, आजूबाजूचा क्लिअर कोट खरवडून चऱ्याच्या पातळीला आणतं. ही चैन दर महिन्याला परवडत नाही. शेवटी मेण.

एवढं झाल्यावर पुसणाऱ्या काकांना सांगावं लागतं, ‘‘काका, माझी गाडी पुसू नका.’’

‘‘पैसे कापणार का?’’

‘‘नाही हो. पूर्ण देतो. फक्त हात लावू नका.’’